निळ्या चिठ्ठीवरची दुसरी सही

"पण सर, उठून जाणं त्या शब्दात नाहीच," भूपाल म्हणाला.

हर्डीकर सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. हे लक्षण बरं नव्हतं. एरवी सर फक्त समोरच्या कार्डाकडे पाहत. चष्मा कपाळावर गेला की माणसाकडे पाहायला लागत.

"कुठल्या शब्दात?"

"डिसेन्ट. तुम्ही अर्थ दिलेत, विरोध, बंडाळी, फूट. विरोध एक वेळ चालेल. पण बंडाळी आणि फूट म्हटलं की माणूस सतरंजीवरून उठला, गेला, त्याने वेगळी चूल मांडली. लॅटिनमध्ये 'डिस' म्हणजे अलग आणि 'सेन्टिरे' म्हणजे वाटणं, जाणवणं. वेगळं वाटणं, एवढंच. त्यात कुणी कुठे जात नाही, काही मोडत नाही."

"मगदूम, तुम्हाला लॅटिन कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, सर."

"मग मला परत कशाला शिकवता?"

मी टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसून 'डी'च्या कार्डांचे गठ्ठे दोऱ्याने बांधत होते. मला हसू आलं आणि ते लपवायला मी खोटंच शिंकले. आमच्या ऑफिसात शिंकेला कधी कारण लागत नसे. गणपती पेठेत हळदीच्या एका पेढीच्या माडीवर आमचं कोश मंडळ होतं. हळदीचा हंगाम सुरू झाला की खालून इतकी धूळ वर यायची, की पांढरी कार्डं मार्चपर्यंत पिवळसर होऊन जायची. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिणारे आम्ही तिघं होतो. संपादक हर्डीकर सर, मदतनीस भूपाल मगदूम आणि मी, कुमुद लेले. चौथा तातोबा. तो चहा करायचा, कपाटं लावायचा आणि आमच्याकडे बघून अधूनमधून मान हलवायचा.

ही त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. 'ए' ते 'डी' असा पहिला खंड तयार झाला होता. शेवटचा गठ्ठा शुक्रवारी संध्याकाळी लाखेने बंद करून तातोबा एस.टी.ने कोल्हापूरला छापखान्यात नेणार होता. आज सोमवार होता.

"हे बघा," सर म्हणाले, "इंग्लंडात ज्यांना डिसेन्टर म्हणत ते चर्च सोडून गेले. त्यांनी स्वतःची प्रार्थनाघरं बांधली. ही फूट नाही तर काय?"

"आणि न्यायाधीश? पाच जणांच्या पीठावर एकाला पटत नाही. तो डिसेन्ट लिहितो, त्याखाली सही करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पीठावर येऊन बसतो. त्याने बंडाळी केली, असं कुणी म्हणतं का?"

"न्यायाधीशाचं सोडा. आपल्याकडे चार माणसांत एकाने वेगळं मत दिलं की पुढे काय होतं? फाटाफूटच होते. शब्द मुळात काय होता, हे टिपेत लिहा. अर्थ लोक वापरतात तोच द्यायचा. कोशकार काही न्यायाधीश नसतो."

"लोक चुकीचं वागतात म्हणून अर्थही तसाच लिहायचा?"

सरांनी चष्मा खाली घेतला. म्हणजे बोलणं संपलं. "पटत नसेल तर निळी चिठ्ठी आहे," एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या कार्डाकडे वळले.

निळी चिठ्ठी हा आमच्या मंडळाचा नियम होता आणि तो सरांनीच घातला होता. तरुणपणी ते ज्या संपादकाच्या हाताखाली होते, तो मनाला येईल ते खोडून टाकायचा. त्या रागातून हा नियम आला. कुणाला एखादा अर्थ पटला नाही, तर त्याने निळ्या कागदावर आपलं म्हणणं लिहायचं. खाली दोन रेघा. पहिलीवर मत देणाऱ्याची सही, दुसरीवर अनुमोदन देणाऱ्याची. एकच सही असेल तर चिठ्ठी ट्रेमध्ये पडून राहायची. दोन सह्या झाल्या की तो शब्द पुन्हा उघडायलाच लागायचा, मग गठ्ठा छापखान्याच्या दारात असला तरी. बाहेरच्या विद्वानांनी पाठवलेल्या कार्डांवर अशा दोन सह्यांच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. सरांच्या स्वतःच्या कार्डावर चार वर्षांत एकही लागली नव्हती.

दुपारी भूपालने चिठ्ठी लिहून माझ्या टेबलावर ठेवली. त्याचं अक्षर बारीक आणि उभं होतं. "डिसेन्ट: भिन्नमत, सोबत बसूनही वेगळं वाटणं आणि तसं सांगणं." पहिल्या रेघेवर त्याची सही होती.

"खालची रेघ मोकळी आहे, लेलेबाई," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे. तुमचं मत वेगळं असेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही."

माझं मत वेगळं नव्हतं. त्याने 'वेगळं वाटणं' म्हटलं त्याच क्षणी मला ते पटलं होतं. पण मी "बघते" म्हणाले आणि चिठ्ठी माझ्या खणात ठेवली.

ही सही मला का अवघड होती, ते सांगायला हवं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना माझे वडील गेले. सर तेव्हा कॉलेजात आम्हाला इंग्रजी शिकवत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि आईला म्हणाले, "हिचं शिक्षण थांबवायचं नाही, बाकीचं मी बघतो." पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांच्या घरी लॅटिन शिकायला जायची. सर झोपाळ्यावर, मी समोर पाटावर. धडा संपला की त्यांच्या पत्नी, माई, पान वाढायच्या आणि मी पुरे म्हटलं की आणखी एक पोळी वाढायच्या. आता सर सत्तरीला आले होते. एका डोळ्याला जवळजवळ दिसत नव्हतं. छापखान्याची पाळी चुकली तर खंड दोन-तीन महिने लांबणार होता, आणि त्यांना तो हातात घेऊन बघायचा होता. अशा माणसाच्या कार्डाविरुद्ध सही करायची म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजायचे, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या बाजूला भूपाल होता. त्याच्याबद्दल मला काय वाटत होतं, ते ऑफिसात तातोबालासुद्धा कळलं असावं. चहा देताना तो आम्हा दोघांचे कप मुद्दाम शेजारी शेजारी ठेवायचा.

बुधवारी दुपारी सर घरी जेवायला गेले होते आणि भूपाल कॉलेजच्या लायब्ररीत. जिन्यावर कुणाच्या तरी जड पायताणांचा आवाज झाला. दारात एक उंच, वाळकासा म्हातारा उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची मोठी पेंढी. भूपालचं नाक त्याच्या चेहऱ्यावर पाहून मी उठूनच उभी राहिले.

"भूपाल हितंच असतो न्हवं?"

"लायब्ररीत गेलेत. येतीलच. बसा ना, अण्णा." भूपाल त्यांना अण्णा म्हणतो, हे मला ठाऊक होतं.

ते खुर्चीच्या कडेला बसले, दोनदा शिंकले आणि कपाटांकडे बघत राहिले.

"हितं करता काय तुमी?"

"इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहितो."

"कुनी सांगितल्यालं?"

"आमचे आम्हीच ठरवतो. तिघं मिळून."

"मग भांडनं व्हत असतील की."

मी हसले. "आत्ता चालूच आहे एक. चारचौघांत वेगळं मत देण्याला इंग्रजीत एक शब्द आहे. त्याचा अर्थ बंडाळी लिहायचा की नुसतं वेगळं मत, यावर भूपाल आणि सर दोघांची जुंपलीय."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं, त्यांना शब्दांच्या या गोष्टीत रस नसावा.

"त्येनं तुमास्नी काय सांगितलं न्हाई?"

"कशाबद्दल?"

"आमच्या गावात पानी संस्था हाय. नदीचं पानी उचलून रानाला द्यायची. चौदा वर्सं झाली आता. चेअरमन म्हनाला, टोकाच्या अकरा जनांचं पानी बंद करायचं. का, तर त्यांनी निवडनुकीत त्येच्या मान्साला मत दिलं न्हाई. ठराव वाचला. तेवीस जनांनी हात वर केलं. मी म्हनलं, मला पटत न्हाई, माजं नाव घालून तसं लिवा."

"लिहिलं?"

"लिवलं की. 'मगदूम यांनी बंडखोरी करून सभात्याग केला.'" हे वाक्य मात्र ते शुद्ध भाषेत, शाळेतल्या पाठासारखं बोलले. "मी उठलोसुदीक न्हवतो, बाई. शेवटपतोर सतरंजीवर बसून व्हतो. चा आला, चा प्यालो. कपबशी इसळून ठिवली, अन् मग घरला आलो. पन वहीत लिवलं ते लिवलं. तवापास्नं मी बंडखोर मगदूम. थोरलीच्या लग्नाला भावकीतलं कोन आलं न्हाई."

"पण बाकीच्या तेवीस जणांना तो ठराव खरंच पटला होता?"

"कुठलं पटतंय! दुसऱ्या दिवशी त्यातलं पाच-सा जन घरी आलं, मागल्या दारानं. 'अण्णा, तुमचंच बराबर व्हतं.' म्हनलं, मग हात का वर केलासा? आलं तसंच मागल्या दारानं गेलं. भूपाल तवा मॅट्रिकला व्हता. त्यो गेला आन् मागल्या दाराला कडी घातली. म्हनला, आता यायचं तर पुढनं या."

एवढं सांगून ते हसले. तक्रार करत नव्हते. गावाकडे पाऊसपाणी कसं आहे ते सांगावं, तसंच सांगत होते. भूपालची वाट न बघता ते उठले. पाचची गाडी चुकली असती. डहाळे मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेले, भूपालच्या नाही.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं आयर्विन पुलापर्यंत चालत गेलो. असं आम्ही महिन्यातून दोन-तीनदा जायचो आणि दर वेळी अगदी सहज ठरल्यासारखं दाखवायचो. भडंगाची पुडी मध्ये धरून आम्ही कठड्याशी उभे राहिलो. खाली कृष्णेत पाणी कमी होतं, म्हशी बसल्या होत्या.

"अण्णा येऊन गेले," मी म्हणाले. "त्यांनी मला सांगितलं ते सभेचं."

"सगळ्यांना सांगतात ते. ऐकणारा भेटला की सांगतात." त्याने पुडी माझ्याकडे सरकवली. "त्यांना इंग्रजी येत नाही. पण खंड आला की मी तो शब्द काढून त्यांना मराठीत वाचून दाखवणार होतो. म्हणजे तुम्ही जे केलंत त्याला जगात नाव आहे, आणि ते नाव बंडखोरी नाही."

मी भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खात राहिले.

"निपाणीच्या कॉलेजातून पत्र आलंय," तो म्हणाला. "कायमची नोकरी आहे. मी अजून उत्तर दिलं नाही."

"का?"

"इथे राहायचं मनात आहे म्हणून." तो नदीकडे बघत बोलत होता. "शुक्रवार झाला की तुमच्याशी एक बोलायचंय. कामाचं नाही."

मी पुडीचं तोंड मिटलं. "मग आत्ताच बोला की."

"नको. आधी चिठ्ठीचं होऊ दे. नाहीतर तुम्हाला वाटेल, एकासाठी दुसरं विचारतोय."

मी सत्तावीस वर्षांची होते. त्या संध्याकाळी घरी जाताना मी वाटेत दोनदा स्वतःशीच हसले आणि एकदा सायकलवाल्याच्या अंगावर गेले. सही करायची, हे मी ठरवलं होतं. शपथेवर सांगते, गुरुवारी रात्री झोपताना ते माझं ठरलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाताना वाटेत सरांकडे डोकावले. माईंनी पोह्यांची बशी हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, काल म्हणत होते, मगदूम वाद घालतो. मी म्हटलं, कुमुद आहे ना तुमच्या बाजूला." मी पोहे खाल्ले. तेवढं वाक्य मात्र ऑफिसपर्यंत माझ्याबरोबर आलं.

दुपारी चार वाजता गठ्ठा टेबलावर आला. नियमाप्रमाणे सर प्रत्येक कार्डावरचा शब्द वाचणार, आम्ही दोघांनी मान डोलवायची आणि शेवटी सर विचारणार, "सर्वानुमते?" त्यावर हो म्हटलं की लाख. सरांना उशिराचा तिटकारा होता. दर वेळी पाचच्या ठोक्याला लाख वितळलेली असायची.

डिसेन्ट आला. सरांनी स्वतःचेच अर्थ सावकाश वाचले आणि विचारलं, "यावर चिठ्ठी आहे का?"

"आहे, सर," भूपाल म्हणाला. "लेलेबाईंकडे."

मी खण उघडला. चिठ्ठी काढली आणि सरांच्या समोर ठेवली. खालची रेघ कोरी होती. पेन माझ्या हातातच होतं. पण मी ते उघडलं नाही.

सरांनी चिठ्ठी चांगल्या डोळ्याजवळ धरून वाचली. मग ट्रेमध्ये न टाकता टेबलाच्या मधोमध ठेवली, माझ्या बाजूला तोंड करून. "पुढे चला," म्हणाले.

पाचला कार्डं संपली. पण सरांनी "सर्वानुमते" विचारलं नाही. तातोबाला म्हणाले, "चहा कर परत." चहा आला. मग त्यांना काड्यापेटी सापडेना. ती त्यांच्या खिशातच होती, मला बाहेरून दिसत होती. मग त्यांनी लाख वितळवली आणि ती वाटीत तशीच थिजू दिली. मला वाटलं, म्हातारपण. भूपाल 'ई'ची कार्डं तपासत होता. एकदाही त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुमुद, काही राहिलंय का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

थोड्या वेळाने पुन्हा. "नीट बघ. काही राहिलं असेल तर आत्ता सांग. गठ्ठा गेला की गेला."

"नाही, सर. काही नाही."

पावणेसहा वाजले. तातोबा दारात पिशवी घेऊन उभा होता. त्याची शेवटची गाडी सव्वासहाची. सरांनी दुसऱ्यांदा लाख वितळवली आणि विचारलं, "मग? सर्वानुमते?"

भूपाल म्हणाला, "माझी सही चिठ्ठीवर आहे, सर."

"एका सहीने शब्द उघडत नाही, मगदूम. तुम्हाला माहीत आहे. कुमुद?"

"सर्वानुमते, सर," मी म्हणाले.

सरांनी गठ्ठ्यावर लाख सांडली. थोडी लाख टेबलावर पडली. तो डाग शेवटपर्यंत तसाच राहिला.

भूपाल उठून गेला नाही. त्याने हातातली कार्डं संपवली, गार झालेला चहा प्यायला, कपबशी विसळून पालथी ठेवली, मग सरांना नमस्कार करून घरी गेला. मी ते सगळं बघत होते, आणि ते कुठे ऐकलं होतं हेही मला आठवत होतं.

त्याने निपाणीला होकार कळवला आणि तो महिनाअखेरपर्यंत येत राहिला. कामात एक दिवस कसूर नाही. माझ्याशी बोलायचा, पण कामापुरतंच. पुलावर जायचं त्याने काढलं नाही आणि मलाही काढवेना. शेवटच्या दिवशी सर लवकर घरी गेले. भूपाल टेबलाचे खण रिकामे करत होता. मला राहवलं नाही.

"रागावलात?"

"नाही हो." तो खरंच रागावलेला दिसत नव्हता. "तुम्हाला सरांचा अर्थ बरोबर वाटला. तो तुमचा हक्क आहे. मी आधीच म्हटलं होतं, वाईट वाटणार नाही."

इथे मी गप्प राहिले असते, तर आम्ही चांगले स्नेही म्हणून तरी वेगळे झालो असतो. पण मला त्याच्या मनात चांगलं राहायचं होतं. जाताना त्याने मला त्याच्या बाजूची समजावी, अशी माझी धडपड होती.

"नाही, भूपाल," मी म्हणाले. त्याला नावाने पहिल्यांदाच हाक मारली होती. "मला तुमचाच अर्थ बरोबर वाटत होता. सोमवारपासून. तुमचंच बरोबर होतं."

त्याचे हात थांबले. तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला, की मी नजर खाली घातली.

"कुमुद," तो म्हणाला. तोही पहिल्यांदाच. आवाज अगदी मऊ होता, आणि तोच मला आजही छळतो. "मागच्या दाराने आलात तुम्ही."

मग त्याने पिशवी उचलली आणि तो जिना उतरून गेला. खाली हळदीच्या पोत्यांवर बसलेल्या कुणाशी तरी दोन शब्द बोलला. त्याचं काय बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही.

पुलावर जे बोलायचं राहिलं होतं, ते काय होतं हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि ऐकणं यांत फरक आहे. ते शब्द त्याने कोणते निवडले असते, कुठून सुरुवात केली असती, याची मी पुढे कितीतरी वर्षं जुळवाजुळव करत राहिले. शब्दांचंच काम करणारी बाई मी, पण तेवढं एक वाक्य मला कधी जमलं नाही.

खंड आला. सरांनी तो हातात घेऊन बघितला. त्यानंतर सहा वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. त्यांनी मध्येच हात वर केला.

"कुमुद, तो मगदूम कुठे असतो?"

"निपाणीला, सर."

"त्याचा अर्थ बरोबर होता. त्या शुक्रवारी त्याची चिठ्ठी वाचली तेव्हाच मला कळलं."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "मग बदलला का नाहीत, सर?"

"नियम माझाच होता. माझं कार्ड मीच कसं उघडणार? दुसरी सही लागते." ते दमून थांबले. मग डोळे मिटूनच म्हणाले, "दोनदा लाख वितळवली त्या दिवशी. दोनदा तुला विचारलं. मला वाटलं होतं, तू करशील. तुला लॅटिन त्यासाठीच शिकवलं होतं."

माई आत होत्या. मला मोठ्याने रडतासुद्धा आलं नाही. ज्यांचं मन राखायला मी सही केली नाही, ते पाऊण तास त्या सहीचीच वाट बघत बसले होते. आणि काड्यापेटी खिशात होती.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसरा खंड निघाला, तिसरा अर्धवट राहिला, मंडळ बंद पडलं. कपाटं कुणी नेईना तेव्हा कार्डांचे ट्रे मी घरी आणले. पहिल्या खंडाची दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. डिसेन्टपुढे आजही विरोध, बंडाळी, फूट असंच छापलेलं आहे. भूपालचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, हे मी ऐकून होते. माझं झालं नाही. त्याला तेवढं एकच कारण होतं, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण ते कारण नव्हतंच, असंही मला म्हणता यायचं नाही.

मी आता बासष्ट वर्षांची आहे. तातोबाचा मुलगा एस.टी.त कंडक्टर आहे. गेल्या दिवाळीत तो फराळ घेऊन आला तेव्हा सहज म्हणाला, "मगदूम सर रिटायर होऊन गावीच राहायला आलेत. बाई गेल्या त्यांच्या. पोरी पुण्याला असतात. आमच्याच गाडीनं येतात-जातात."

तो गेल्यावर मी ट्रे काढला. निळी चिठ्ठी सापडली. निळी म्हणायची एवढंच. आता ती राखाडी झाली होती. खालची रेघ अजून मोकळी होती. मी पेन उघडलं आणि सही केली. तारीख सही केली त्या दिवशीचीच घातली. मागची तारीख सरांना खपली नसती.

दोन दिवसांनी मी भूपालच्या गावी, धामणवाडीच्या स्टँडवर उतरले. दुपारचे बारा वाजले होते, चावडीसमोर माणसं बसली होती. मगदूमांचं घर विचारलं तर एका मुलीने शाळेजवळच्या बोळातून नेलं. बोळ घराच्या मागल्या अंगाला निघत होता. मागे छोटं परसू, दोरीवर एक धोतर, एक टॉवेल. मागचं दार सताड उघडं होतं. आतून रेडिओ ऐकू येत होता आणि कपबशी विसळल्याचा आवाज.

"जावा की आत," मुलगी म्हणाली. "सर हायती."

"नको," मी म्हणाले. "पुढचं दार कुठे आहे?"

तिने हात केला. मी भिंतीला वळसा घालून, चावडीसमोरून, सगळ्यांच्या देखत पुढे आले. पिशवीत चिठ्ठी आहे का, ते एकदा चाचपून बघितलं. मग पुढच्या दाराची कडी वाजवली.